न मिटणारा डोळा

इथे लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं. त्राटकात साधक डोळ्यांत पाणी येईपर्यंत पापणी लवू देत नाही. तो ती मुद्दाम रोखतो. पण ज्याची पापणी मिटतच नाही, त्याचं काय? कुष्ठरोगात चेहऱ्याची नस निकामी झाली, की डोळा झोपेतही उघडा राहतो. बुबुळ सुकतं, व्रण पडतो. त्यात बधिरता आलेली असेल तर दुखतही नाही, आणि दृष्टी जाते.

इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंटिया १९५०च्या दशकात परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करू लागले. पापणीसाठी गिलीजांनी दाखवलेली वाट अशी: कानशिलावरच्या, चावायच्या स्नायूची पट्टी वळवून दोन्ही पापण्यांतून न्यायची आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात टाचायची. या स्नायूची नस वेगळी, म्हणून शाबूत. रुग्णानं दात आवळले, की डोळा मिटतो.

आपण नकळत करतो ते त्याला शिकावं लागतं, आठवणीनं, दिवसभर. माझ्या मते हीही साधनाच. हिला मात्र एका दिवसाचीही सुट्टी नाही.