गंजिफा : चित्र आणि डाव



नेरूळच्या आमच्या घरीं नातू संगणकावरचा नवा खेळ आणतो, तेव्हां आधीं त्यांतलीं चित्रें वाखाणतो. आठ दिवसांनीं 'कां टाकलास?' म्हणून विचारावें, तर 'त्यांत डावच नाहीं' असें उत्तर येतें. खेळांत रूप मोठें कीं डाव मोठा, हा वाद नव्या पिढीचा वाटतो. परंतु आपल्या कोंकणानें तो पूर्वींच अनुभविला आहे. सावंतवाडीच्या गंजिफा त्याची साक्ष देतात.

गंजिफा म्हणजे हातानें रंगविलेलीं वाटोळीं पानें. बाबरानें इ. स. १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनास तीं पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली संचांत आठ रंगांचीं ९६ पानें असत. दशावतारी संचांत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पानें. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानें. चिंचोक्याच्या खळीनें घट्ट केलेल्या पानावर चितारी मासा, परशू अशीं चिन्हें रेखीत आणि वर लाखेची झिलई देत.

हीं चित्रें केवळ शोभेचीं नव्हतीं. खेळाडू तिघे, हुकूम नाहीं. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें आरंभ करावयाचा, रात्रीं कृष्णाचा. निम्म्या रंगांत प्रधानाखालीं दहा श्रेष्ठ, निम्म्यांत एक्का. कोणतीं पानें पडून गेलीं हें स्मरणांत ठेवल्यावांचून जिंकण्याची आशा नको. अशा खेळांत चिन्ह पाहतांक्षणीं ओळखूं यावें लागतें. चित्र डावाच्या सेवेस होतें.

पुढें ५२ पानांचा छापील जोड स्वस्तांत मिळूं लागला आणि गंजिफा मागें पडल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं सावंतवाडीच्या राजवाड्यांत ही कला पुन्हा उभी केली, हे त्यांचे उपकार. मात्र आज पानें विकत घेणारे पुष्कळ, खेळणारे विरळा. रूपानें वस्तु वांचविली. डाव वांचविणें त्याच्या हातीं नव्हतें.

उलट उदाहरण पाहा. १९८४ मध्यें मॉस्को येथें अलेक्सी पाजितनोव यांनीं 'टेट्रिस' रचला. त्यांच्या यंत्रास चित्रें काढतां येत नसत, म्हणून कंसाच्या खुणा जोडून त्यांनीं ठोकळे दाखविले. पुढें त्यास नानाविध रंग चढले. परंतु पडणारे ठोकळे बसविण्याचा डाव तोच राहिला, आणि जग अद्याप तो खेळतें.

माझी आजी सावंतवाडीकडची. तिला गंजिफा येत असत. मीं लहानपणीं तीं पानें न्याहाळलीं, पण खेळ कसा तें कधीं विचारलें नाहीं. ती गेली, आणि संच कपाटांत राहिला. गेल्या मे महिन्यांत पुस्तकांवरून नियम जुळवून मी, सौभाग्यवती आणि नातू असे तिघे खेळावयास बसलों. पहिल्या डावांत नातू चित्रेंच पाहत होता. तिसऱ्या डावांत तो एकदम म्हणाला, "आजोबा, वराहाचा राजा अजून पडला नाहीं!"

तेव्हां माझी खात्री पटली. चित्र आपणांस खेळापाशीं बोलावून आणतें. बसवून ठेवतो तो डाव. आणि डाव कपाटांत टिकत नाहीं. तो एकानें दुसऱ्यास शिकवावा लागतो. आपल्या घरीं असा एखादा संच असेल, तर कृपा करून तो खालीं काढा.