पोर्टलवर नाही, म्हणून वक्फ नाही?

वक्फ मिळकतींच्या नोंदणीसाठीच्या उमीद पोर्टलची मुदत 6 डिसेंबर 2025 रोजी संपली. तेव्हापासून अमरावती-अकोल्यात शिकलीसवरलेली माणसेही म्हणू लागली आहेत : जी मिळकत पोर्टलवर चढली नाही ती मुळात वक्फ नव्हतीच, कागद खरे असते तर सहा महिन्यांत सापडले असते. हे मत मला साफ चुकीचे वाटते.

मुदत संपली तेव्हा देशभरातल्या सुमारे 5 लाख 17 हजार मिळकतींची नोंद सुरू झाली होती आणि 2 लाख 17 हजारांच्या आसपास मंजूर झाल्या होत्या. माहिती मुतवल्लीने, म्हणजे वक्फच्या व्यवस्थापकाने, भरायची, वक्फ अधिकाऱ्याने तपासायची, बोर्डाने मंजूर करायची. वरच्या दोन पायऱ्यांवर अडकलेल्या लाखो अर्जांवरून मुतवल्लीला खोटे ठरवणारे कोणत्या न्यायाने बोलतात?

आता कागदांचे बघा. बाळापूरची खानकाह आणि पातूरचा शेख बाबूंचा दर्गा ही स्थाने निजामाहूनही जुनी. त्या काळातल्या सनदा फारसीत. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले, 1956 मध्ये मुंबई राज्यात आले. पुढे बऱ्याच संस्था धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदल्या गेल्या, आणि महाराष्ट्राचे वक्फ मंडळ स्थापन झाले ते थेट 2002 मध्ये. दर राजवटीबरोबर दप्तर हलले. वक्फच्या नव्या कायद्यात तर वाकिफाचे, म्हणजे वक्फ करणाऱ्याचे, नाव आणि वक्फ केल्याची तारीखही मागितली आहे. ज्या कब्रस्तानात गाव पिढ्यान्‌पिढ्या माती देत आले, त्याचा वाकिफ कोण, हे आज कोण सांगणार? वक्फनामा मात्र ‘उपलब्ध असल्यास’ जोडा, असे तोच कायदा म्हणतो. म्हणजे कागद नसू शकतो हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. हस्तलिखित सातबारा संगणकावर गेला तेव्हा कुणाचे क्षेत्र कमी झाले, कुणाचे नाव गळाले. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीसाठी तहसीलचे हेलपाटे झाले. संगणकात नाव नाही म्हणून वावर तुमचे नाही, असे तेव्हा कुणी म्हटले नाही.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र खरे आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. वक्फच्या जमिनी नाममात्र मक्त्याने नात्यागोत्यात वाटल्या गेल्या, काही विकल्याही गेल्या. वक्फचे वार्षिक उत्पन्न 163 कोटी असून नीट कारभाराने ते 12,000 कोटींपर्यंत जाऊ शकेल, असे सच्चर समितीने 2006 मध्येच मांडले होते. बुडालेला हा पैसा विधवांचा, आजाऱ्यांचा, शिकणाऱ्या पोरांचा. म्हणून नोंद कडक हवीच. पण ती नुसती पोर्टलवर असून भागत नाही; जमिनीचा खरेदीदार सातबारा बघतो. इतर हक्कात वक्फचा फेरफार नसेल, तर पोर्टलवरची मंजुरी त्याच्या नजरेस पडणार कुठे?

सर्वोच्च न्यायालयाने 1 डिसेंबरला सरसकट मुदतवाढ नाकारली आणि अडचण असलेल्यांना न्यायाधिकरणाचा रस्ता दाखवला. खेड्यातल्या मुतवल्लीला तो लांबचा आणि खर्चाचा आहे. ती वेळ येण्याआधी बाळापूर, पातूर, अचलपूर तहसिलींत तलाठी, भूमापक आणि फारसी वाचणारा जाणकार एकत्र बसवावेत, प्रत्येक गावाची यादी चावडीवर वाचावी, हरकती लिहून घ्याव्यात आणि नामंजूर मिळकतीचे कारण मुतवल्लीच्या हातात लेखी द्यावे.