मिडल गांवचीं बांकें व तेथील कुळें

कुलवृत्तान्त लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा आडनांवाचा दोरा धरून मागें मागें जातो. आमच्याकडे हीच रीत आहे, व इंग्लंडांतील हौशी संशोधकही तोच मार्ग धरतात. लहान खेड्यांत हा दोरा किती लवकर तुटतो, आणि तुटल्यावर दुसरें काय हातीं धरावें, हें पाहावयाचें असल्यास श्रॉपशायरमधील मिडल या पॅरिशाचें उदाहरण उत्तम आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या ताब्यांतील गांव व त्याच्या भोंवतालच्या वाड्या. धर्मकृत्यें, गरिबांचा सांभाळ, रस्त्यांची दुरुस्ती, हीं सर्व कामें पूर्वीं या घटकाकडे असत. मिडल हें श्रूझबरी शहराच्या उत्तरेस सात-आठ मैलांवर आहे.

इंग्लंडांतील पॅरिशांचें पहिलें साधन म्हणजे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही. ती ठेवण्याची आज्ञा टॉमस क्रॉमवेल यानें सप्टेंबर १५३८ मध्यें काढली. प्रथम या नोंदी कागदावर होत. १५९८ च्या सुमारास त्या चर्मपत्रावर उतरून घेण्याचें ठरलें. परंतु राणी एलिझाबेथ गादीवर आली त्या १५५८ सालापासून उतरलें तरी चालेल अशी सवड आज्ञेंतच असल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं आरंभींचीं वीस वर्षें कायमचीं गेलीं. आळसाला कायद्याची सवड मिळाली म्हणजे इतिहासाचें काय होतें, याचा हा नमुना आहे. पुढें यादवी युद्धाच्या काळांत नोंदींत खिंडारें पडलीं, तीं निराळींच.

ज्या नोंदी उरल्या त्या वाचतांनाही सावध राहावें लागतें. पुष्कळ नोंदी लॅटिन भाषेंत आहेत. तेथें जेम्सचा याकोबुस व विल्यमचा गुलिएल्मुस झालेला असतो. 'फिलियस योहान्निस' म्हणजे जॉनचा मुलगा; येथें बापाचें नांव षष्ठींत आहे हें ज्यास कळलें नाहीं तो योहान्निस नांवाचा एक नवाच पुरुष वंशावळींत घुसडतो. ज्यानें जन्मभर विभक्ति शिकविल्या त्यास या चुकीचें हसूं येतें, पण छापील वंशावळींतूनही ती आढळते. कालगणनेचा घोळ याहून मोठा. १७५२ च्या पूर्वीं इंग्लंडांत वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारी १७०० अशी नोंद असली तर आजच्या गणनेनें तो फेब्रुवारी १७०१ होय. चैत्रादि व कार्तिकादि संवतांचा गोंधळ ज्यांनीं सोडविला आहे त्यांस अधिक सांगणें नको.

खरी अडचण मात्र पुढेंच आहे. त्या काळीं प्रचारांतलीं नांवें थोडीं होतीं. एकाच पॅरिशांत एकाच नांवाआडनांवाचे दोन-तीन पुरुष एकाच वेळीं नांदत असत, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींत पुष्कळदां केवळ बापाचेंच नांव असे. मुलगी लग्न होऊन गेली कीं आडनांव बदललें; जांवई सासऱ्याच्या शेतावर येऊन राहिला तर कुळ तेंच, घर तेंच, पण दोरा तुटला! संगणकावरील अनुक्रमणिकांमुळें आज घरबसल्या हजारों नांवें मिळतात. त्यांतील आपला जॉन कोणता, हें त्या अनुक्रमणिका सांगत नाहींत.

मिडलच्या रिचर्ड गॉफनें या अडचणीवर तीनशें वर्षांपूर्वींच तोड काढून ठेविली आहे. गॉफ १६३५ त जन्मला व १७२३ त वारला. एका जमीनदार न्यायाधिकाऱ्याच्या पदरीं कारकुनी केल्यामुळें त्यास कागदपत्रांची चांगली ओळख होती. साठी उलटल्यावर, १७०० ते १७०२ या काळांत, त्यानें आपल्या पॅरिशाची हकीगत लिहिली. तिचा मोठा भाग चर्चमधील बांकांच्या अनुक्रमानें रचिला आहे. बांकावरील हक्क मनुष्याचा नसून घराचा व शेताचा असे. मोठ्या घरांचीं बांकें पुढें, लहान शेतकऱ्यांचीं त्यांच्या मागें, झोपडीवाल्यांचीं शेवटीं व कडेला. या बसण्यावरून तंटे होत व ते धर्मन्यायालयापर्यंत जात. मानपानाचे महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. गॉफनें बांकांचा नकाशा काढला व एकेका बांकाशीं थांबून तें कोणत्या घराचें, त्या घरांत कोण कोण राहिलें, कोणाची मुलगी कोणाकडे गेली, हें सांगितलें. आडनांव बदललें तरी घर जागेवरच राहतें. म्हणून त्याचा दोरा तुटत नाहीं.

शेजाऱ्यांचीं व्यसनें, चोऱ्या, बायकांचीं भांडणें, यांतलें कांहींच त्यानें झांकलें नाहीं. घर बुडालें कीं दारूनें बुडालें, असा निकाल देण्याची त्याची घाई मला मान्य नाहीं. खंड, कर्ज व आजार यांनींही घरें बुडतात. पण केवळ नोंदवहीवर विसंबणाऱ्यास जें कधींच मिळालें नसतें तें गॉफनें राखून ठेविलें आहे. पहिल्या चार्ल्सचें पार्लमेंटशीं युद्ध जुंपलें तेव्हां तो लहान मुलगा होता. मिडलच्या टेकडीवर लोकांस जमवून राजाच्या शिपायास आठवड्यास चौदा ग्रोट, म्हणजे छप्पन पेन्स, मिळतील असें पुकारलें, तें त्यानें पाहिलें होतें. मिडल, मार्टन व न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस जण गेले व त्यांपैकीं तेरा मेले, असें तो लिहितो. मनुष्य जेथें पुरला तेथेंच त्याच्या दफनाची नोंद होते. परमुलखांत पडलेल्या शिपायाचें नांव गांवच्या वहींत कोठून येणार? वंशावळ करणारा अशा पुरुषापुढें प्रश्नचिन्ह घालतो. गॉफजवळ त्याचें उत्तर होतें.

गरिबांचा प्रश्न याहून बिकट आहे. १६६२ च्या कायद्यानें, वर्षाला दहा पौंडांहून कमी खंडाच्या जागेंत येऊन राहणारा नवखा मनुष्य पॅरिशावर भार होईल असें वाटल्यास, चाळीस दिवसांच्या आंत तक्रार होतांच त्यास त्याच्या मूळ पॅरिशांत परत धाडतां येई. मूळ पॅरिश कोणता हें ठरविण्यास न्यायाधिकारी त्याची जबानी घेत: जन्म कोठें झाला, कोणाची चाकरी किती दिवस केली, लग्न कधीं झालें. ज्या मजुरानें आयुष्यांत एक अक्षर लिहिलें नाहीं त्याची जीवनकथा अशी त्याला हांकलण्याच्या खटपटींतून उरली. गॉफच्या ग्रंथाचा शेवटचा भाग याच तंट्यांचा आहे. एका कंगालाचा खर्च कोणत्या पॅरिशानें सोसावा यासाठीं दोन पॅरिश भांडत, आणि गॉफ स्वतः आपल्या पॅरिशाच्या बाजूनें खटपट करी. त्या कंगालाची बाजू त्यानें कोठेंही मांडलेली नाहीं. ती संशोधकानें ओळींमधून काढावयाची.

गॉफचा ग्रंथ १८३४ त सर टॉमस फिलिप्स यानें अपुरा छापला. अधिक पूर्ण आवृत्ति १८७५ त निघाली. १९७४ त डेव्हिड हे यांनीं मृत्युपत्रें, कराच्या याद्या व नोंदवह्या यांच्याशीं गॉफ ताडून पाहिला, व तो बहुतांशीं विश्वसनीय ठरला. लहान शेतकऱ्यांचीं कांहीं कुळें पिढ्यान्‌पिढ्या टिकलीं व तींच पॅरिशाचा कणा होतीं, असें हे यांस दिसून आलें. मजूर येत-जात राहिले. १९९७ त रिग्ली व त्याच्या सहकाऱ्यांनीं २६ पॅरिशांच्या नोंदी जोडून इंग्लंडच्या लोकसंख्येचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्या पद्धतींतही जन्मापासून मरणापर्यंत एकाच जागीं राहिलेला मनुष्य पुरता सांपडतो. जो उठून गेला त्याचा धागा मध्येंच सुटतो. गॉफच्या पानांवर लंडनला गेलेलीं मिडलचीं माणसें वारंवार भेटतात. कोणी तेथें पैका मिळवितो, कोणी मरतो. गांवीं त्यांच्या घराचें बांक तसेंच असतें, व त्यावर दुसरें कोणी बसलेलें असतें.