'नॉट' कुठे ठेवायचा?

आज लढाई नाही, व्याकरण. पण दोन्हींचा संबंध मी लेफ्टनंट असताना एका सरावात शिकलो. पुढची तुकडी ठरल्या वेळी निघणार होती, मला तिला थांबवायचं होतं. घाईत वायरलेसवर म्हणालो, 'डोन्ट टेल देम टू मूव्ह.' ऑपरेटरने हुकूम पाळला. तुकडीला काहीच कळवलं नाही. ती वेळेवर निघाली आणि पंचांनी गारद धरली. म्हणायचं होतं, 'टेल देम नॉट टू मूव्ह.'

मराठीतही 'हलायला सांगू नका' आणि 'हलू नका म्हणून सांगा' यांत हाच फरक आहे. नकार कोणत्या क्रियापदाला लागतो, ते महत्त्वाचं.

इंग्रजीत ही जागा सरकत आली आहे. जुन्या इंग्रजीत 'ने' क्रियापदाच्या आधी यायचा. पुढे 'नॉट' क्रियापदामागे आला, 'आय से नॉट'. मग 'डू' मदतीला आला, 'आय डू नॉट से'. डेन्मार्कच्या ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये हा प्रवास मांडून दाखवला. 'टू'वाल्या क्रियापदात मात्र 'नॉट' बहुधा 'टू'च्या आधीच राहिला. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालण्यावर हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये आक्षेप घेतला. आज 'टू नॉट गो' सर्रास ऐकू येतं. कानाला खटकलं तरी अर्थ बदलत नाही. घात होतो तो 'नॉट' भलत्याच क्रियापदाला लागल्यावर, किंवा गळल्यावर. १६३१ मध्ये लंडनला छापलेल्या बायबलात व्यभिचाराची मनाई करणाऱ्या आज्ञेतला 'नॉट' गळला. छापणाऱ्यांना ३०० पौंड दंड झाला.

आपल्या बंगळुरूच्या छावणीत १८९६ मध्ये चौथ्या हुसार्स या घोडदळाबरोबर तरुण चर्चिल आला. दुपारच्या उन्हात तो इथे गिबन आणि मेकॉले वाचत बसे. हॅरो शाळेत तो मागे पडलेला विद्यार्थी. म्हणूनच त्याच्याकडून वेगवेगळ्या रंगांच्या शाईने इंग्रजी वाक्यांची फोड करून घेतली गेली. ती शिदोरी जन्मभर पुरली, असं तो आत्मचरित्रात सांगतो.

लष्करी संदेशात आम्ही 'नॉट रिपीट नॉट' लिहायचो. शब्द दोनदा आला की गळायची भीती कमी. पण चुकीच्या जागी दोनदा लिहिलेला 'नॉट' चुकीचाच राहतो. तेव्हा बोलण्याआधी एवढंच पाहा: 'नको' कुणाला म्हणतोय, सांगण्याला की करण्याला?

जय हिंद.