परसातील कोंबड्या एकमेकींची पिसे का टोचतात?

कोंबडीच्या पाठीवरची, शेपटीच्या बुडाची किंवा गुदद्वाराभोवतीची पिसे विरळ दिसू लागली, तर लगेच लक्ष द्या. टोचून रक्त आले की बाकीच्या कोंबड्या त्याच जागी चोच मारत राहतात आणि कोंबडी दगावू शकते.

आधी खात्री करा
पिसे बदलण्याच्या काळात सगळ्या अंगावरची पिसे गळून नवी येतात. तो आजार नव्हे. फक्त पाठ उघडी पडली असेल, तर कोंबडा जास्त चढत असावा. 8 ते 10 माद्यांमागे एकच नर ठेवावा.

कारणे
• नुसता मका किंवा तांदळाची कणी दिल्याने प्रथिने व मीठ कमी पडणे. पिसे प्रथिनांचीच असतात.
• खुराड्यात दाटी, उकाडा, प्रखर उजेड.
• उवा, पिसवांचा त्रास.
• खाद्याची भांडी कमी असणे, नवे पक्षी एकदम मिसळणे.

उपाय
• जखमी कोंबडी त्वरित वेगळी करा. जखम भरल्याशिवाय परत सोडू नका.
• अंड्यावरील कोंबड्यांना 16 ते 18 टक्के प्रथिने असलेले खाद्य द्या.
• प्रत्येक पक्ष्याला किमान 2 चौरस फूट जागा ठेवा.
• पालेभाजीची जुडी उंचावर टांगा. चोचीला काम मिळते.
• धूळस्नानासाठी कोरडी माती व राख ठेवा.
• टोचणारी कोंबडी ओळखून काही दिवस बाजूला ठेवा.

एवढे करूनही टोचणे थांबले नाही, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.