मंडल खंडक : दापोली परिसर
विद्युत् मंडलातील प्रवाह धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेल्यास तो आपोआप तोडणारी प्रयुक्ती. घरगुती लघू मंडल खंडक हुगो श्टोट्स यांच्या मानहाइम (जर्मनी) येथील कारखान्यात १९२४ च्या सुमारास सिद्ध झाला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या काळात (१९६०–२००५) खेडोपाडी वीज पोहोचली, तरी घरांतून दीर्घकाळ चिनी मातीच्या पकडीतील वितळतारच होती. ती जळाली की हाताशी येईल ती जाड तार गुंडाळण्याची पद्धत संरक्षणाचा हेतूच नाहीसा करी.

खंडकाचे अंकन भारप्रवाहाहून कमी व तारेच्या क्षमतेहून अधिक नसावे, हा मूळ नियम. विहिरीवरील पंपाचा आरंभप्रवाह नेहमीच्या सहा ते आठ पट असल्याने तेथे ‘बी’ऐवजी ‘सी’ वर्गाचा खंडक योग्य ठरतो.

दापोली तालुक्यात (जि. रत्नागिरी) एवढ्याने भागत नाही. लांब वाहिनीच्या टोकाला दोषप्रवाह क्षीण होतो. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की भूयोजनही दुबळे होते. अशा जागी जिवंत तार जमिनीवर पडली, तरी केवळ अतिप्रवाहावर चालणारा खंडक स्वस्थ राहू शकतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात तालुक्यातील असंख्य खांब कोसळले व अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा प्रसंगी वीज सोडण्यापूर्वी वाहिनी पायी तपासावीच लागते. घरात माणसाचा जीव वाचविण्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा स्वतंत्र खंडक लागतो. अतिप्रवाह खंडक कितीही चांगला असला, तरी ते काम करीत नाही.