पश्चिम किनारा : ए, बी आणि सी विभाग म्हणजे काय?

फलस्तीनची बातमी आली की चर्चेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "तिथे त्यांचं स्वतःचं सरकार आहे." दुसरा म्हणतो, "सगळं इस्रायली लष्कराच्या हातात आहे." खरं काय, ते नकाशा पाहिल्यावर कळतं.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा ताब्यात घेतला. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने, पूर्व जेरुसलेम सोडून, त्याचे तीन विभाग पाडले.

ए विभाग (सुमारे १८ टक्के) : रामल्ला, नाब्लुस, जेनिनसारखी शहरं. कारभार आणि पोलीस फलस्तीनी प्राधिकरणाचे. तरी इस्रायली सैन्य इथेही छापे घालतं.

बी विभाग (सुमारे २२ टक्के) : बरीचशी खेडी. शाळा-दवाखाने प्राधिकरणाकडे, सुरक्षेचा शेवटचा शब्द इस्रायलचा.

सी विभाग (सुमारे ६० टक्के) : पूर्ण इस्रायली ताबा, बहुतेक वसाहतीही इथेच. फलस्तीनी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर एक खोली बांधायची तरी लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो. तो क्वचितच मिळतो. विनापरवाना बांधलं तर घरावर बुलडोझर येतो.

गुन्हा एकच असला तरी फलस्तीनी माणसाचा खटला लष्करी न्यायालयात चालतो, वसाहतीतल्या इस्रायलीचा नागरी न्यायालयात.

ही व्यवस्था पाच वर्षांपुरती ठरली होती; ती अजून चालूच आहे. इस्रायल या भूभागाला 'वादग्रस्त' म्हणतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मात्र १९ जुलै २०२४ च्या सल्लागार मतात हा ताबा बेकायदेशीर ठरवला.

म्हणून बातमी पुढे पाठवण्याआधी, मुलांना समजावण्याआधी एवढं पाहा : ते गाव कोणत्या विभागात येतं?